उभ्या वाहनाचे नुकसान आणि शेजाऱ्यावरील संशय

शेजारधर्म हा आपल्या समाजजीवनाचा जुना आधार आहे. घरात दुखणेखुपणे आले, लग्नकार्य निघाले किंवा अवेळी पाहुणा आला, तर पहिली हाक शेजाऱ्यालाच जाते. परंतु गेल्या काही दशकांत शहरांतून आणि तालुक्यांच्या गावांतून वाहनांची संख्या वाढली, गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. बैलगाडी, सायकल आणि माणसे यांच्यासाठी आखलेल्या रस्त्यांवर आज मोटारी रात्रभर उभ्या असतात. त्यातून एक नवा तंटा जन्माला आला आहे. सकाळी गाडीवर ओरखडा दिसतो, टायर बसलेला आढळतो, आरसा मोडलेला असतो, आणि मालकाची नजर सर्वप्रथम शेजाऱ्याच्या दाराकडे वळते.

हा तंटा वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि पोलीस ठाण्यात, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत किंवा गावच्या समितीपुढे काम करणाऱ्यांना त्याची खोली ठाऊक असते. काही हजार रुपयांच्या रंगकामावरून दोन घरे वर्षानुवर्षे अबोला धरतात, मुलांचे खेळ थांबतात, प्रसंगी हाणामारीपर्यंत गोष्ट जाते. अशा प्रसंगी नागरिकाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि मध्यस्थी करणाऱ्याने कशाचे भान ठेवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक प्रसंग

उदाहरणादाखल असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणता येईल. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणारे एक शिक्षक आहेत. बँकेचे कर्ज काढून त्यांनी मोटार घेतली. घराला अंगण नसल्याने गाडी गल्लीत उभी राहते. समोरच्या घरात एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक राहतात. गाडी आपल्या फाटकापुढे येते, अशी त्यांची कुरकुर सुरुवातीपासून होती आणि त्यावरून एकदा शब्दाला शब्दही वाढला होता. त्यानंतर महिन्याभरात तीन गोष्टी घडल्या. गाडीच्या डाव्या बाजूस लांब ओरखडा उठला. टपावर पांढरे, खरखरीत डाग पडले. एके सकाळी मागचे एक चाक पूर्ण बसलेले आढळले.

शिक्षकांच्या मनात शंकेला जागा उरली नाही. तिन्ही गोष्टींचा कर्ता एकच, आणि तो समोरच राहतो! त्यांनी हे चार लोकांत बोलूनही दाखवले. ज्येष्ठ गृहस्थांच्या सुनेने ते ऐकले, आणि दोन्ही घरांतील स्त्रियांचे हळदीकुंकवाचे येणेजाणे त्याच दिवशी थांबले.

येथपर्यंतची कथा बहुतेक गल्ल्यांतून थोड्याफार फरकाने घडत असते. पुढे काय व्हावे, हा खरा प्रश्न आहे.

आधी गाडी नीट पाहावी

आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. भांडण झाले आणि त्याच आठवड्यात गाडीचे नुकसान झाले, एवढ्यावरून दोहोंचा संबंध सिद्ध होत नाही. म्हणून पहिले काम माणसाकडे पाहण्याचे नसून नुकसानीकडे पाहण्याचे आहे. खुणा पुष्कळ काही सांगतात.

किल्ली, खिळा अशा टोकदार वस्तूने मुद्दाम ओढलेली रेघ बहुधा अरुंद आणि खोल असते. ती रंगाचा वरचा थर कापून आतल्या थरापर्यंत, क्वचित पत्र्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्या वाहनाची घासणी रुंद असते, अनेक समांतर रेषांची असते, आणि त्या वाहनाचा रंग किंवा रबराचा काळसर अंश तेथे चिकटून राहतो. अशा वेळी जमिनीपासून खुणेची उंची मोजून ठेवावी. सायकलचा दांडा, हातगाडीची कड, दुचाकीचा आरसा, घंटागाडीचा कडीकोयंडा या प्रत्येकाची उंची ठरावीक असते. खूण आणि वस्तू यांची उंची जुळली की अर्धा उलगडा होतो.

टपावरील पांढऱ्या डागांचे कारण पुष्कळदा वर असते. सज्जाच्या किंवा गच्चीच्या काँक्रीटमधून झिरपणारे पाणी आपल्याबरोबर चुना घेऊन येते. तो थेंब रंगावर वाळला की पांढरा, कठीण थर बसतो आणि वेळीच काढला नाही तर रंग खराब होतो. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक हेही उन्हात तापून रंगावर व्रण उठवतात. गाडी एकाएकी सुरू झाली नाही, दिवे लागले नाहीत, तर बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात. पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. दारांवर आणि बंपरवर दिसणारे समांतर ओरखडे गाडीखाली दडलेल्या मांजराचा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांचेही असू शकतात.

टायरची तपासणी पंक्चर काढणाऱ्याकडून करून घ्यावी. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा रुतला असेल तर तो बहुधा रस्त्यावरचा असतो. बाजूच्या भिंतीवर सरळ चीर असेल तर शंकेला अधिक जागा आहे. कोठेच छिद्र नसेल तर व्हॉल्व्ह तपासावा. तो झिजला असेल तर हवा हळूहळू जाते. व्हॉल्व्ह चांगला, टायर चांगला आणि तरीही एका रात्रीत हवा पूर्ण गेली असेल, तर मात्र कोणीतरी हवा सोडली असण्याचा संभव विचारात घ्यावा लागतो.

नोंद आणि पुरावा

नुकसान दिसताच गाडी धुऊ नये, हलवू नये. प्रथम छायाचित्रे घ्यावीत. एक लांबून, ज्यात गाडी कोठे आणि कशी उभी होती हे दिसेल. दुसरे जवळून, खुणेशेजारी मोजपट्टी धरून. एका वहीत तारीख, गाडी उभी केल्याची वेळ, नुकसान दिसल्याची वेळ आणि त्या वेळी आसपास कोण होते, हे लिहावे. लिहिताना प्रत्यक्ष पाहिलेले आणि मनात आलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ‘सकाळी साडेसहाला मागचे डावे चाक बसलेले होते’ हे निरीक्षण होय. ‘त्यांनीच हवा सोडली’ हा तर्क होय. निरीक्षणांची वही पुढे उपयोगी पडते. तर्कांची वही फक्त राग जिवंत ठेवते.

दुरुस्तीचा अंदाज गॅरेजमधून लेखी घ्यावा. हा कागद दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. भरपाई किती मागायची ते त्यावरून ठरते, आणि कायद्याचे कोणते पोटकलम लागू होईल तेही नुकसानीच्या रकमेवर अवलंबून असते.

गल्लीत एखाद्या दुकानाचा किंवा संस्थेचा कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण ताबडतोब मागावे. बहुतेक यंत्रांत जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चित्रण उमटते. असे चित्रण न्यायालयात सादर करताना त्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये ही तरतूद आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातही कलम ६५-ब अन्वये ती होती. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणून ते मालकाने स्वतः सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. एरवी मोबाइलवर कोणीतरी पाठवलेली चित्रफीत आपोआप पुरावा ठरत नाही.

स्वतःचा कॅमेरा बसवायचा झाल्यास त्याचा रोख आपले दार आणि आपली गाडी यांवर असावा. शेजाऱ्याची खिडकी, न्हाणीघराची बाजू किंवा अंगण त्यात येऊ नये. खासगी जीवनाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिलेला आहे. शिवाय शेजाऱ्याच्या घराकडे रोखलेला कॅमेरा हे नव्या तंट्याचे निमित्त होते.

पहिले बोलणे

नोंद झाल्यावर बोलावे, आणि ते शेजाऱ्याशीच बोलावे. गल्लीभर चर्चा झाल्यानंतर शेजाऱ्याला विचारणे म्हणजे निकाल देऊन मग साक्ष घेणे होय. बोलण्याची वेळ शांत असावी, मुलेबाळे आणि बघे जमलेले नसावेत. प्रश्न आरोपाच्या स्वरूपात नसावा. ‘तुम्ही माझी गाडी का खरवडलीत?’ या प्रश्नाला नकाराखेरीज उत्तरच नाही. ‘काका, काल रात्री गाडीला काहीतरी लागले आहे. आपल्या पाहण्यात कोणी आले होते का?’ या प्रश्नाने समोरच्याला साक्षीदाराचा मान मिळतो. त्याच्या हातून चूक झाली असेल तर ती सांगण्याची वाटही खुली राहते.

याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारावा. ‘माझी गाडी उभी असल्याने आपली काही अडचण होते का?’ हा प्रश्न विचारणे जड जाते, कारण नुकसान आपले झालेले असते. परंतु वाहनांवरून होणाऱ्या तंट्यांचे मूळ बहुधा जागेत असते. घराचे किंवा आवाराचे प्रवेशद्वार अडवून वाहन उभे करणे वाहतूक नियमांनी निषिद्ध आहे. सार्वजनिक रस्त्याचा आपल्या दारापुढील तुकडाही आपल्या मालकीचा नसतो, आणि तो शेजाऱ्याच्याही मालकीचा नसतो. दोन्ही पक्षांना हे समजले तर निम्मे वाद तेथेच संपतील.

बोलण्याने निष्पन्न झाले नाही तर एक साधे, सौम्य पत्र द्यावे. त्यात घटना, तारीख आणि विनंती एवढेच असावे. धमकी, टोमणे आणि जुनी उणीदुणी नसावीत.

कायद्यातील तरतुदी

दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या उद्देशाने, किंवा तसे होण्याचा संभव आहे हे जाणून, मालमत्तेची नासधूस करणे अथवा तिचे मूल्य वा उपयुक्तता घटवणे, यास कायद्याच्या भाषेत ‘आगळीक’ म्हणतात. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यांना भारतीय दंड संहिता, १८६० लागू होते. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली असून तिच्या कलम ३२४ मध्ये या अपराधाची तरतूद आहे. साध्या आगळिकीस ६ महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नुकसान २० हजार रुपये किंवा अधिक, परंतु १ लाख रुपयांहून कमी असेल तर कारावासाची मर्यादा २ वर्षे आहे. १ लाख रुपये किंवा त्याहून अधिक नुकसानीस ती ५ वर्षे आहे. जुन्या संहितेत दोन वर्षांच्या शिक्षेसाठी नुकसानीची रक्कम ५० रुपये होती, यावरून बदलाची कल्पना येईल.

या व्याख्येत उद्देश किंवा जाणीव यांना महत्त्व आहे. गाडी मागे घेताना चुकून धक्का लागला तर ती आगळीक होत नाही. निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते आणि धक्का देणाऱ्या वाहनाच्या विम्यातूनही ती मागता येते. म्हणून ‘चुकून की मुद्दाम’ हा प्रश्न केवळ नैतिक नाही. कोणत्या दारात जायचे, हे त्यावरून ठरते.

१ लाख रुपयांहून कमी नुकसानीची साधी आगळीक हा अदखलपात्र अपराध आहे. अशा तक्रारीची नोंद पोलीस ठाण्यात होते, तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले जाते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७४ मध्ये ही कार्यपद्धती आहे. ‘पोलिसांनी एन.सी. लिहून घेतली आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या’ अशी तक्रार नागरिक करतात. त्यामागचे कारण बहुधा ही कायदेशीर मर्यादा असते. पोलीस अधिकाऱ्याने ती नोंदीच्या वेळीच समजावून सांगितली तर गैरसमज टळेल. नागरिकानेही नोंदीची प्रत जपून ठेवावी. पुन्हा असा प्रकार घडल्यास पहिली नोंद उपयोगी पडते.

फौजदारी तक्रारीस मुदत असते. ६ महिन्यांच्या शिक्षेच्या अपराधाची दखल घेण्यास न्यायालयाला १ वर्षाची, तर २ वर्षांच्या शिक्षेच्या अपराधास ३ वर्षांची मर्यादा आहे. वस्तूच्या नुकसानीबद्दल दिवाणी दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. फौजदारी खटल्यात अपराध वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात संभवाचे पारडे कोणत्या बाजूस झुकते ते पाहिले जाते. ‘त्यांचे माझ्याशी भांडण होते’ एवढ्यावर यांपैकी कोणतीही कसोटी उतरत नाही.

खासगी व्यक्तीचेच नुकसान झाले असेल तर साधी आगळीक नुकसान सोसणाऱ्याला आपसात मिटवता येते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला क्षमा करण्याची वाट खटला सुरू झाल्यावरही खुली राहावी, हा या तरतुदीचा उपयोग आहे.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. एखाद्याला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा न्याय संहितेच्या कलम २१७ अन्वये अपराध आहे. पुराव्याविना चारचौघांत एखाद्याला गुन्हेगार ठरवल्यास कलम ३५६ अन्वये बदनामीचा प्रश्न उद्भवतो. गल्लीच्या कट्ट्यावर किंवा मोबाइलवरील गटात लिहिलेले एक वाक्य तक्रारदारालाच आरोपी करू शकते. शेजाऱ्याच्या गाडीचे ‘जशास तसे’ नुकसान करणाऱ्याची गत तर आणखी वाईट होते. त्याच्या विरुद्ध पुरावा असतो, शेजाऱ्याविरुद्ध केवळ संशय.

वाद हातघाईवर येण्याची चिन्हे असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ अन्वये कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याबद्दल १ वर्षापर्यंतचे बंधपत्र घेऊ शकतात. लोक यास ‘चॅप्टर केस’ म्हणतात. हा उपाय शांतताभंगाचा धोका टाळण्यासाठी आहे. गाडीची भरपाई त्यातून मिळत नाही. तातडीचा धोका असल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मागावी.

विम्याचा विचार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये केवळ त्रयस्थांसाठीचा विमा सक्तीचा आहे. तेवढाच विमा असेल तर आपल्या गाडीवरील ओरखड्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. ‘पॅकेज’ म्हणजे व्यापक विमा असेल तर दुसऱ्याने द्वेषबुद्धीने केलेले नुकसान सामान्यतः त्यात येते. उंदरांनी केलेल्या नुकसानीबाबत मात्र पॉलिसीच्या अटी वाचाव्यात. कंपनीला विनाविलंब कळवावे आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नये.

दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. दावा न करणाऱ्या विमाधारकास नूतनीकरणाच्या वेळी सवलत मिळते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका दाव्याने ती सर्वसाधारणपणे जाते. शिवाय दाव्यातील ठरावीक रक्कम मालकानेच सोसायची असते. किरकोळ नुकसानीत स्वखर्चाने दुरुस्ती करणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. विम्यामुळे आणखी एक गोष्ट साधते. पैसे मिळण्यासाठी शेजाऱ्याला दोषी ठरवण्याची गरज उरत नाही, आणि मन थोडे निवळते.

गृहनिर्माण संस्थांतील प्रश्न

सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाहनतळाचे वाटप आणि वाहनाचे नुकसान हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. वाटप हा संस्थेच्या कारभाराचा भाग आहे. त्यावरील वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयापुढे नेता येतो. इमारतीखालील खांबांमधली मोकळी जागा विकासकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईतील एका संस्थेच्या प्रकरणात दिला. त्यामुळे अशा जागेचे वाटप संस्थेने नियमानुसार करणे अपेक्षित आहे. एका सभासदाने दुसऱ्याची गाडी खरवडली, हा मात्र पोलीस आणि दिवाणी न्यायालय यांचा विषय आहे. व्यवस्थापक समितीने तेथे न्यायाधीश होऊ नये. तिने चित्रण जपावे, पहारेकऱ्याची नोंदवही दाखवावी, जागांवर क्रमांक आणि रेषा रंगवाव्यात आणि दिव्यांची सोय करावी. अंधारा वाहनतळ हा संशयाचा मोठा पोशिंदा असतो.

मध्यस्थीचे मार्ग

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभांनी समित्या नेमल्या आणि गावातील तंटे गावातच, परस्पर संमतीने मिटवण्याची पद्धत रुजू लागली. वाहनावरून होणारे तंटे या पद्धतीस विशेष अनुकूल आहेत, कारण दोन्ही पक्षांना उद्याही त्याच गल्लीत राहायचे असते. पंचायत सदस्य आणि पोलीस पाटील यांना गल्लीची रुंदी, वहिवाट आणि दोन्ही घरांचा इतिहास माहीत असतो. हे ज्ञान न्यायालयाला साक्षीपुराव्यानेच मिळवावे लागते.

मध्यस्थाने काही पथ्ये पाळावीत. दोन्ही पक्षांचे म्हणणे प्रथम वेगवेगळे ऐकावे. गाडी आणि जागा प्रत्यक्ष पाहावी. ‘कोणी केले?’ या प्रश्नाआधी ‘काय झाले आणि पुढे काय व्हावे?’ हे प्रश्न घ्यावेत. कबुलीसाठी दडपण आणू नये. तडजोड झाली तर ती लिहून काढावी. भरपाईची रक्कम, ती देण्याची तारीख, आणि यापुढे गाडी कोठे उभी राहील, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. तिसरी गोष्ट राहिली तर पहिल्या दोन टिकत नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये भरणाऱ्या लोकअदालतींपुढे असे वाद दाव्यापूर्वीही नेता येतात. तेथे संमतीने झालेल्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याविरुद्ध अपील नसते. तालुका विधी सेवा समितीकडे साध्या अर्जाने चौकशी करता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व इतर पात्र घटकांना मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी राष्ट्रीय स्तरावर १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मध्यस्थता अधिनियम, २०२३ मध्ये एखाद्या भागातील रहिवाशांची शांतता बिघडवू शकणाऱ्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची कल्पना मांडली आहे. या कायद्याची सर्व कलमे एकाच वेळी अमलात आणलेली नाहीत, म्हणून तिचा आधार घेण्यापूर्वी स्थिती तपासावी. तथापि शेजाऱ्यांतील तंटा हा निकालापेक्षा समेटाचा विषय आहे, हे कायदेमंडळानेही ओळखले आहे.

प्रसंगाचा शेवट

आता पुन्हा त्या शिक्षकांच्या गाडीकडे वळू. एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी खुणा पुन्हा तपासल्या. ओरखड्यात हिरव्या रंगाचा अंश होता. त्याची उंची सकाळी फिरणाऱ्या घंटागाडीच्या बाहेर आलेल्या कडीशी जुळली. अरुंद गल्लीत वळताना ती कडी लागत होती. टपावरचे डाग त्यांच्याच सज्जाखाली गाडी उभी राहते तेथे पडले होते. सज्जाला भेग होती आणि पावसाचे पाणी तिच्यातून ठिबकत होते. त्या महिन्यात समोरच्या गृहस्थांचा हात या दोहोंना लागलाच नव्हता.

टायरला मात्र छिद्र नव्हते आणि व्हॉल्व्हही चांगला होता. गावातील एका ज्येष्ठ पंचायत सदस्याच्या घरी दोघे भेटले. शिक्षकांनी प्रथम ओरखडा आणि डाग यांविषयी जे बोललो ते चूक होते, असे सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते निवृत्त वाहक म्हणाले, “हवा मी सोडली.” त्या रात्री त्यांच्या पत्नीला श्वास लागला होता. रिक्षा फाटकापर्यंत येऊ शकली नाही, कारण मोटार आडवी होती. दोन वेळा दार वाजवूनही आतून ओ आली नाही. आजारी बाईला खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून न्यावे लागले. पहाटे परत आल्यावर त्यांनी रागाच्या भरात व्हॉल्व्ह दाबून धरला.

शिक्षकांचा संशय तीनपैकी दोन बाबतींत चुकला होता. तिसऱ्या बाबतीत तो खरा ठरला, परंतु त्या कृत्यामागे काय होते, याचा त्यांना पत्ताही नव्हता. ते कृत्य समर्थनीय नव्हते, हे त्या गृहस्थांनीही मान्य केले. तडजोडीचा कागद एका पानाचा झाला. हवा भरण्याचा किरकोळ खर्च शिक्षकांनी घेतला नाही. गाडी यापुढे मारुतीच्या देवळामागील मोकळ्या जागेत उभी करण्याचे ठरले आणि तसा अर्ज नगरपंचायतीला दिला. घंटागाडीची कडी आत वळवून घेण्याविषयीही त्याच अर्जात लिहिले. शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक समोरच्या घरात भिंतीवर लिहिला गेला. रात्री-अपरात्री गरज पडली तर रिक्षाची वाट न पाहता त्यांनाच उठवावे, असे ठरले.

समारोप

प्रत्येक प्रसंगाचा शेवट असा होईल असे नाही. काही शेजारी खरोखरच त्रास देतात, वारंवार देतात, आणि तेथे पोलीस, न्यायदंडाधिकारी व दिवाणी न्यायालय यांचा आधार ठामपणे घेतलाच पाहिजे. त्यासाठीही नोंदी, छायाचित्रे आणि लेखी अंदाज हीच शिदोरी लागते. ज्याने सुरुवातीलाच शांतपणे पुरावा जमवला, त्याला समेट आणि खटला या दोन्ही वाटा खुल्या असतात. ज्याने आधी आरोप केला, त्याच्या दोन्ही वाटा अरुंद होतात.

अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडे असे तंटे घेऊन लोक विश्वासाने येतात. त्यांनी क्रम सांगावा: आधी पाहणे, मग नोंदवणे, मग शेजाऱ्याशी बोलणे, मग मध्यस्थी, आणि आवश्यक तेथे कायदा. त्याबरोबर गल्लीत वाहने कोठे उभी राहावीत हा प्रश्न ग्रामसभेच्या, नगरपंचायतीच्या आणि संस्थेच्या विषयपत्रिकेवर आणावा. पत्र्यावरचा ओरखडा रंगाच्या एका हाताने बुजतो. दोन घरांत पडलेला बुजवायला कित्येक वर्षे लागतात, आणि तो पडू न देणे हे सर्वांच्याच हाती आहे.